हलाल आहे, पण किती?

दवाखान्यातून परत आलेल्या माणसाच्या घरी घडणारा एक प्रसंग आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. रक्ताच्या तपासणीचा अहवाल हातात असतो. डॉक्टरांनी खाली मटण कमी करण्याविषयी चार शब्द लिहिलेले असतात. तो कागद बाजूला सारत घरातील एखादे वडीलधारे गृहस्थ म्हणतात, "अल्लाहने जे हलाल केले, ते हा डॉक्टर कोण बंद करणार?" दस्तरखानावर बसलेल्यांना हे बोलणे आवडते. त्यात श्रद्धेचा सूर असतो आणि पुढ्यात गरम सालनही असते.

दुसरा प्रसंग याहून थोडा वेगळा. वर्तमानपत्रात बातमी येते की, अमुक देशाने किंवा आपल्याच देशाने आहाराविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून त्यात लाल मांस मर्यादेत खाण्याचा सल्ला आहे. चहाच्या टपरीवर लगेच चर्चा रंगते आणि कोणीतरी निर्वाळा देतो की, हा सारा आपल्या खाण्यावर बंदी आणण्याचा डाव आहे.

ही दोन्ही वाक्ये मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि खरे सांगायचे तर दोन्ही मी स्वतःही उच्चारली आहेत. म्हणून दोहोंचा नीट विचार करावा, असे वाटले. सरकारच्या किंवा वैद्यांच्या आहारविषयक शिफारशीचे मुसलमानाच्या दृष्टीने नैतिक स्थान काय? ती पाळणे हे केवळ सोयीचे काम आहे, की आपल्या दीनशीही तिचा काही संबंध पोहोचतो?

आधी या शिफारशी काय सांगतात ते पाहू. कारण वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या वाचलेल्या असतात. लाल मांस म्हणजे बोकड, मेंढी, म्हैस, गाय-बैल अशा चतुष्पाद जनावरांचे मांस. आपल्याकडे पुष्कळांची समजूत अशी की, लाल मांस म्हणजे फक्त 'मोठ्याचे'. बोकडाचे मटण त्यात येत नाही. ही समजूत चुकीची आहे. कोंबडी आणि मासळी मात्र त्या वर्गाबाहेर आहेत. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दिवसाला दोन हजार कॅलरींचे जे नमुना-ताट मांडले आहे, त्यात तृणधान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, आणि डाळी, अंडी व मांस मिळून एकच गट, ८५ ग्रॅमचा. म्हणजे आपल्या देशाच्या ताटात मांसाला जागा आहे. मात्र ती डाळीच्या शेजारी, तिच्याच वाटणीतली आहे. ब्रिटनमध्ये रोज ९० ग्रॅमपेक्षा अधिक लाल किंवा प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यांनी ते ७० ग्रॅमपर्यंत आणावे, असे सांगितले जाते. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आठवड्याला साधारण तीन वेळा, शिजवल्यानंतरचे वजन ३५० ते ५०० ग्रॅम, इतका आहे. जर्मनीने २०२४ मध्ये सर्व प्रकारचे मांस मिळून आठवड्याला ३०० ग्रॅमपर्यंत, असे म्हटले.

यामागचे कारण मुख्यतः दोन प्रकारचे. एक, मांसाबरोबर येणारी संपृक्त चरबी आणि तिचा हृदयविकाराशी संबंध. दुसरे, मोठ्या आतड्याचा कर्करोग. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दहा देशांतील २२ तज्ज्ञांच्या अभ्यासानंतर प्रक्रिया केलेले मांस कर्करोगास कारणीभूत असल्याचे ठरविले आणि लाल मांसाला 'बहुधा कारणीभूत' या खालच्या वर्गात ठेवले. त्या वेळी अनेकांनी मांस आणि तंबाखू सारखेच घातक, असा गवगवा केला. तसे त्या संस्थेने म्हटलेले नव्हते. तिचे वर्ग पुरावा किती पक्का आहे हे सांगतात, धोका किती मोठा आहे हे नव्हे. शिवाय सर्व तज्ज्ञ एकमताचे आहेत असेही नाही. २०१९ मध्ये संशोधकांच्या एका गटाने, उपलब्ध पुरावा कच्चा असल्याने लोकांनी आपले मांसाचे प्रमाण तसेच ठेवायला हरकत नाही, असे सुचविले. चौदापैकी अकरा सदस्यांचा त्याला कौल होता. त्यावर पुढे पुष्कळ टीका झाली, प्रमुख लेखकाला मिळालेल्या निधीवरूनही झाली. तात्पर्य, ही शास्त्रे माणसांची आहेत. त्यांत मतभेद आहेत, दुरुस्त्या आहेत. पण फार खाऊ नये, यावर त्यांतील बहुतेकांचे एकमत आहे, हेही खरे.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. हलाल वस्तू हराम ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही, हे निर्विवाद. दिव्य कुरआनच्या सूरह अल-माइदामध्ये (आयत ८७) श्रद्धावंतांना बजावले आहे की, अल्लाहने ज्या चांगल्या वस्तू वैध केल्या त्या स्वतःवर अवैध करून घेऊ नका. प्रत्यक्ष प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पत्नींच्या खुशीसाठी एक वैध गोष्ट स्वतःवर बंद करून घेतली, तेव्हा सूरह अत्-तहरीमच्या पहिल्याच आयतीत त्यांना त्याविषयी विचारणा झाली. डॉक्टरचा कागद झिडकारणारे आपले वडीलधारे गृहस्थ इथपर्यंत बरोबर आहेत.

परंतु 'कमी खा' असे सांगणारा माणूस काही हराम ठरवीत असतो काय? हदीसग्रंथांत एक प्रसंग आहे. प्रेषितांसमोर घोरपडीसारख्या एका वाळवंटी प्राण्याचे भाजलेले मांस आले. त्यांनी हात मागे घेतला. ह. खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारले की, हे हराम आहे काय? उत्तर मिळाले की, नाही, पण आमच्या लोकांच्या भूमीत हे नसते, म्हणून मला ते रुचत नाही. मग ह. खालिद (रजि.) यांनी ते ओढून घेतले आणि खाल्ले, प्रेषित (स.) पाहत राहिले. या छोट्या प्रसंगात किती मोठी सोय आहे पाहा. न खाणे आणि निषिद्ध मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा मनुष्य रुची नाही म्हणून सोडील, दुसरा प्रकृतीसाठी, तिसरा शेजाऱ्याची गरज पाहून; आणि तिघांच्याही दृष्टीने ती वस्तू हलालच राहील.

शिवाय परवानगी म्हणजे प्रमाण नव्हे. सूरह अल-आराफच्या ३१व्या आयतीत खाण्यापिण्याची आज्ञा आणि अतिरेकाची मनाई एका दमात आली आहे. आपण पहिला अर्धा भाग दस्तरखानावर ऐकवतो आणि दुसरा घशाखाली उतरवतो. पोटाचा एक हिस्सा अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी, ही तिर्मिजी शरीफमधील शिकवण आपल्या मुलांनाही पाठ असते. ह. सलमान फारसी (रजि.) यांनी रात्रंदिवस उपासनेत बुडालेल्या ह. अबू दरदा (रजि.) यांना जीवाचा आणि घरच्यांचा हक्क आठवून दिला, आणि प्रेषितांनी त्यांचे म्हणणे खरे ठरविले. जिथे उपासनेचाही अतिरेक रोखला गेला, तिथे नल्लीच्या निहारीला सवलत कशी मिळावी? आणि वैद्याविषयी म्हणाल, तर सुनन अबू दाऊदमध्ये नोंद आहे की, ह. सअद (रजि.) आजारी पडले असता प्रेषितांनी त्यांना सकीफ टोळीच्या हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास सांगितले. हारिसने इस्लाम स्वीकारला होता की नाही, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. वैद्यकीच्या बाबतीत पाहिले गेले ते त्याचे ज्ञान.

दुसरे वाक्य, म्हणजे डावाची शंका, इतक्या सहज निकालात निघत नाही, आणि ती काढूही नये. आपल्या राज्यात ताट हे बऱ्याच काळापासून केवळ ताट राहिलेले नाही. १९७६च्या कायद्याने गोहत्येवर बंदी होतीच. २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन बैल आणि वळूही त्यात आले. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परराज्यातून आलेले असे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले, पण कत्तलीवरील बंदी कायम राहिली. या बदलात खाटीक-कुरेशी समाजाचा रोजगार गेला, गरिबाच्या घरातील स्वस्त प्रथिन गेले, आणि डबा उघडताना आजूबाजूला पाहण्याची सवय लागली. अशा समाजाला कोणी 'मांस कमी करा' म्हटले, तर त्याचे कान टवकारणारच. हे भय आजारी मनाचे नाही. ते अनुभवातून आलेले आहे.

तरीसुद्धा, वाचकहो, दोन कागद वेगळे आहेत. एक कागद शिक्षा सांगतो, दुसरा सल्ला देतो. हैदराबादच्या संस्थेने ताटातून मांस काढलेले नाही, उलट त्याला डाळीच्या बरोबरीने मोजले आहे. ब्रिटन, जर्मनी, डेन्मार्क या मांसाहारी देशांनीही आपापल्या लोकांना आवर घालायला सांगितले आहे. तिथे कोणाच्या धर्माचा प्रश्न नव्हता. शंकेचा दुसरा धोका आपल्याच घरात आहे. ज्या वस्तूवर दुसरे डोळे वटारतात ती अधिक खाऊन दाखविण्याची एक ईर्षा माणसात जागी होते. मग मांस हे अन्न राहत नाही, ती ओळख होते. आणि वलीम्याच्या देगा मोजून घराण्याची इज्जत ठरू लागते. कुरआनने मांसाला एक नेमत म्हटले आहे. मुसलमान असण्याची खूण म्हणून त्याची गणना कुठेही नाही. खुद्द प्रेषितांच्या घरी महिना-महिना चूल पेटत नसे आणि खजूर व पाण्यावर दिवस निघत, असे ह. आयशा (रजि.) सांगतात. त्यांना बकरीच्या पुढच्या पायाचे मांस आवडे, हेही तितकेच खरे. मिळाले तर आवडीने घ्यावे, न मिळाले तर त्याच्या मागे लागू नये, अशी ती राहणी होती.

आता मला ज्या गोष्टीजवळ अधिक वेळ थांबायचे आहे, तिच्याकडे येतो. मांसाविषयी सार्वजनिक नियम करण्याचे उदाहरण आपल्या परंपरेत आहे काय? आहे, आणि ते थेट मदीनेचे आहे.

सहीह मुस्लिममध्ये ह. आयशा (रजि.) यांचे कथन आहे. एका वर्षी ईद-उल-अजहाच्या दिवसांत वाळवंटातील गरजू टोळ्या मदीनेत आल्या. प्रेषितांनी आदेश दिला की, कुर्बानीचे मांस तीन दिवसांपुरते ठेवा आणि उरलेले सदका करा. पुढच्या वर्षी लोकांनी येऊन सांगितले की, कुर्बानीच्या कातड्यांच्या पखाली करण्याची आणि चरबी वितळवून ठेवण्याची आमची पद्धत आहे. तुमच्या मनाईमुळे ते अडले आहे. तेव्हा प्रेषितांनी खुलासा केला की, ती मनाई त्या आलेल्या गरजूंसाठी होती. आता खा, साठवा आणि दानही करा. सहीह बुखारीत ह. सलमा बिन अकवा (रजि.) यांच्या कथनातही कारण हेच आहे, त्या वर्षी लोक अडचणीत होते.

या घटनेतून धर्मशास्त्रज्ञांनी पुष्कळ नियम काढले आहेत. मला तिच्यातील तीन बाबी आपल्या प्रश्नासाठी मोलाच्या वाटतात. मांस त्या वर्षीही हलालच होते; तरीही किती ठेवावे याला सामाजिक मर्यादा पडली. म्हणजे वैध वस्तूच्या प्रमाणाविषयी लोकहितासाठी बोलणे हा हस्तक्षेप नव्हे. दुसरे म्हणजे, नियमाला कारण होते, ते कारण उघडपणे सांगितले गेले, आणि कारण सरताच नियम उठला. जो नियम आपले कारण सांगत नाही किंवा कारण संपल्यावरही उठत नाही, त्याच्याकडे संशयाने पाहण्याचा आपला हक्क यातूनच सिद्ध होतो. आणि तिसरी बाब, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या आदेशाने मांस कमी झाले नाही, ते हलले. एका घरातून दुसऱ्या घरात गेले. कोणाच्या पोटात किती जावे, यापेक्षा कोणाच्या पोटात काहीच गेलेले नाही, हा प्रश्न तिथे आधी विचारला गेला होता.

पुढे हिजरी सन १८च्या दुष्काळात ह. उमर (रजि.) यांनी लोकांची स्थिती सुधारेपर्यंत तूप, दूध आणि मांस सोडले. तेलावर राहून त्यांचा रंग काळवंडला, असे इतिहासकार लिहितात. खलीफाने दिलेली आहारविषयक शिफारस ही अशी होती; ती प्रथम खलीफाच्याच ताटाला लागू झाली.

याच्याशेजारी आपल्या काळातील एक घटना ठेवून पाहावी. १९७७च्या जानेवारीत अमेरिकेच्या सिनेटमधील पोषणविषयक समितीने देशासाठी आहाराची उद्दिष्टे जाहीर केली. समितीचे अध्यक्ष होते साउथ डकोटाचे जॉर्ज मॅक्गव्हर्न. ते राज्यच गुरेपालनाचे. अहवालात लोकांनी मांस कमी खावे असा साधा, सरळ सल्ला होता. गुरेपालकांनी आणि मांसउद्योगाने एकच गदारोळ केला, नव्याने सुनावण्या झाल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुधारित आवृत्ती निघाली. तीत 'कमी खा' हे शब्द राहिले नव्हते. संपृक्त चरबी कमी जाईल अशी मांस-मासळी निवडा, असा वळसा घेतलेला होता. मॅक्गव्हर्न १९८०ची निवडणूक हरले. पराभवाची कारणे अर्थात अनेक होती. २०१५ मध्ये पुन्हा तसेच घडले. तज्ज्ञ सल्लागार समितीने लाल आणि प्रक्रिया केलेले मांस कमी असलेला आहार सुचविला, त्याच्या पर्यावरणावरील परिणामाचाही विचार केला. जानेवारी २०१६ मध्ये सरकारी पुस्तिका आली तेव्हा पर्यावरणाचा भाग वगळलेला होता आणि लाल मांसाविषयीची स्पष्टता गेली होती. गंमत अशी की, त्याच पुस्तिकेत एक वाक्य मात्र निसटून राहिले. किशोरवयीन मुलांनी आणि प्रौढ पुरुषांनी मांस, कोंबडी, अंडी यांचे प्रमाण कमी करावे, असा त्याचा आशय होता. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आहाराची शिफारस ही एक प्रकारची साक्ष आहे. जाणकार लोक राष्ट्रासमोर उभे राहून सांगतात की, आम्हाला जे ठाऊक आहे ते असे असे. सूरह अन्-निसाच्या १३५व्या आयतीत साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी खरी द्यावी, असा आदेश आहे. समोरचा श्रीमंत असो वा गरीब. गुरेपालकांच्या धाकाने शब्द बदलणे ही त्या साक्षीतील गफलत होती. उद्या कोणी आपल्या शाकाहाराच्या आग्रहापायी मांसाविषयी नसलेले दोष लिहिले, तर तीही तशीच गफलत होईल. आणि आपण हलालच्या नावाखाली असलेले दोष झाकले, तर आपणही त्याच रांगेत उभे राहू.

आता घरात येऊ. माझ्या लहानपणी आमच्याकडे रविवारी मटण येत असे. घरात आठ माणसे आणि मटण अर्धा किलो. कधी पाहुणा आला तर त्यात बटाटे वाढत. पहिली पंगत पुरुषांची. आजोबांना कलेजी, वडिलांना चापेचे तुकडे, आम्हा मुलांना जे हाती लागेल ते. आई आणि काकी शेवटी बसत. पातेल्यात तोवर रस्सा आणि बटाट्याच्या दोन फोडी उरलेल्या असत. आई म्हणायची, "मला रस्साच आवडतो." मला पस्तिशी उलटेपर्यंत हे खरे वाटत होते. तिच्या म्हातारपणी, तिला रक्त चढविण्याची वेळ आली तेव्हा, डॉक्टरांनी विचारले की, यांच्या खाण्यात काय असते? उत्तर द्यायला आम्हा भावंडांपैकी कोणाचे तोंड उघडेना.

२०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६७ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या मानकांनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि स्त्रीला २९. लाल मांसातील लोह शरीर भाजी-धान्यातील लोहापेक्षा सहज घेते. शिवाय त्याच घासाबरोबर गेलेल्या डाळ-भाकरीतील लोह शोषले जाण्यासही ते मदत करते. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमके उलट करतो. म्हणजे ज्या पदार्थाच्या अतिरेकाने घरातील पन्नाशीच्या पुरुषाचे नुकसान होते, त्याच पदार्थाच्या थोड्या तुकड्यांनी त्याच घरातील वयात आलेल्या मुलीचे आणि बाळंतिणीचे भले होते.

इथे शिफारशी वाचण्यातील आपली चूक लक्षात येते. राष्ट्रीय आकडा हा सरासरीसाठी असतो. युरोपातील 'कमी करा' हा शब्द आपण उचलतो. पण तो ज्या घरांसाठी लिहिला गेला तिथे रोज मांस शिजते. आपल्याकडे सहा माणसांच्या कुटुंबात आठवड्याला किलोभर मटण आले, तर हाडे वजा जाता शिजल्यावर माणशी शंभर ग्रॅमही पडत नाही. जगातील कोणत्याही मर्यादेच्या आत ते बसते. त्या घराला 'कमी करा' सांगणे निरर्थक आहे. विचारायचे ते हे की, ते माणशी पडते काय? सूरह अल-हज्जमध्ये (आयत २८ आणि ३६) कुर्बानीचे मांस स्वतः खा आणि गरजवंताला खाऊ घाला, असे सांगितले आहे. बाहेरच्या फकिराला आपण तिसरा हिस्सा मोजून देतो. घरातील लेकीचा हिस्सा कोण मोजतो? अमेरिकी पुस्तिकेतील त्या निसटलेल्या वाक्याची मला इथे आठवण येते. पुरुषाने कमी करावे हे ज्या घरात मान्य होईल, त्या घरात स्त्रीला अधिक मिळण्यासाठी बाजारातून एक तोळाही जास्त आणावे लागणार नाही.

अर्थात सारी घरे अशी नाहीत. आपल्यातील सुखवस्तू कुटुंबांत आता आठवड्यातून चार-पाच दिवस मटण, वर लग्नसराईच्या बिर्याण्या, रमजानमध्ये इफ्तारनंतर खिमा-समोसे आणि सहरीला पाया, असा क्रम दिसतो. त्यांच्यासाठी ग्रॅमचे आकडे अगदी शब्दशः लागू आहेत. मुवत्तामध्ये ह. उमर (रजि.) यांचा इशारा नोंदलेला आहे की, मांसाची चटक मद्याच्या चटकेसारखी असते, सांभाळून असा. आणखी एक गोष्ट अलीकडची. मीठ, धूर आणि रसायने वापरून टिकविलेले सॉसेज, सलामी यांची पाकिटे आता हलालचा शिक्का घेऊन येतात आणि तो शिक्का पाहून आई निर्धास्तपणे मुलांच्या डब्यात भरते. पदार्थ हलाल आहे एवढेच तो शिक्का सांगतो. सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत हलालला जोडून तय्यिब, म्हणजे निर्मळ आणि हितकर, ही अट आली आहे; ती तपासण्यासाठी पाकिटाच्या मागील बारीक अक्षरेच वाचावी लागतील.

मुवत्तामध्येच ह. उमर (रजि.) यांचा दुसरा एक प्रसंग आहे. ह. जाबिर (रजि.) मांस घेऊन चालले होते. विचारल्यावर म्हणाले, खाण्याची इच्छा झाली म्हणून एका दिरहमचे घेतले. ह. उमर (रजि.) यांनी त्यांना हराम-हलालचा प्रश्न विचारला नाही. शेजाऱ्यासाठी आणि चुलत भावासाठी आपल्या पोटाला थोडा चिमटा घेता येत नाही काय, असे विचारले. ह. अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी दिलेला सल्ला तर कोणत्याही गृहिणीला अमलात आणता येण्यासारखा आहे. रस्सा कराल तेव्हा पाणी जरा वाढवा आणि शेजाऱ्यांची आठवण ठेवा.

आमच्या घरी अजूनही रविवारीच मटण येते, आता पाऊण किलो. गेल्या काही वर्षांपासून तुकडे मोजून वाटण्याचे काम माझ्याकडे आहे. धाकट्या सुनेच्या वाटीत मी पहिले वाढतो. तिला सुरुवातीला फार संकोच वाटे, ती दोन तुकडे परत पातेल्यात टाकायची. मला स्वतःला डॉक्टरांनी आठवड्याला एकदाच म्हटले आहे, तेही चरबी काढून. रस्सा मात्र हवा तेवढा घेतो आणि आईचे ते वाक्य मनात घोळवीत राहतो.